पिल्लांवरची मरळ

"दोन झाले जी, भय्याजी," सोमाजी म्हणाला, आणि हे आपणच बोललो यावर त्याचा विश्वास बसेना.

भय्याजींनी वळूनही पाहिलं नाही. रबरी बेडूक लावलेला त्यांचा गळ आसगावच्या तलावात, कमळाच्या पानांशी, पुन्हा पडला होता. हौशी माणसाला परवान्यावर दिवसाला दोनच मासे, आणि पिल्लं राखणारी मरळ धरायची नाही, असं तलावाच्या सोसायटीने पाटीवर लिहिलं होतं. ते पाळलं जातं की नाही हे पाहायला सोमाजी. तो तर इतका भित्रा, की घरच्या कोंबड्यालाही वळसा घालून जायचा. पण आधीचा राखणदार हिरालाल याने तिसरा मासा मोजला, म्हणून याच भय्याजींनी त्याला तलावाच्या पाळीवरून, उंच बांधावरून, ढकललं, त्याचा हात मोडला. मग कोणी पुढे येईना. सोमाजीला नाही म्हणायचीही भीती वाटली.

गळाला हिसका बसला. चांगली हातभर मरळ तडफडत वर आली. पानांशेजारी तिच्या लालसर पिल्लांचा घोळका होता, तो एकदम पांगला.

सोमाजीने पिल्लांकडे पाहिलं. अशी मरळ भुकेने बेडकावर येत नाही, पिल्लांजवळ कोणी आलं म्हणून धावते. आता बाकीचे मासे घटकाभरात पिल्लं गिळून टाकणार.

भय्याजींनी गळ काढून तिला ओल्या पोत्यावर टाकलं.

"सोडा जी तिले. पिल्ले आहेत तिचे."

"हिरालालचा हात जुळला का रे?" भय्याजींनी हसून विचारलं आणि ते दोन पावलं पुढे आले.

सोमाजीचं धोतर आतून गरम झालं, मग ओलं, आणि पायाखालच्या दगडावर ओघळ आला. त्याला पळायचं होतं, दुसरं काही नाही. पण वाटेवर भय्याजी उभे, मागे त्यांची गाडी. मोकळं होतं ते फक्त पाणी. त्याने मरळ पोत्यासकट छातीशी धरली आणि तो तलावात उतरला, कमरेपर्यंत. तिथे पोतं उघडलं.

"निघ बाहेर, मंग सांगतो तुले!" भय्याजी ओरडत राहिले. पायातले नवे बूट चिखलात घालायला मात्र ते तयार नव्हते. शेवटी शिव्या देत ते गाडी घेऊन निघून गेले.

दुपारी ललिताबाई डबा घेऊन आली, तेव्हाही नवरा पाण्यातच होता.

"काहून उभे आहा जी तिथं?"

"पिल्ले मोजून राहिलो."

तिने पाळीवरच्या दगडावरचा वाळलेला ओघळ पाहिला, त्याचा पडलेला चेहरा पाहिला. डबा सावलीत ठेवला.

"मोजा सावकाश. मी कोरडं धोतर आणतो."

"आयतवारी तो परत येईन," सोमाजी म्हणाला. "मले लय भेव लागते वो."

"माहीत आहे मले," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

लालसर पिल्लं एकेक करून पानांशी परत येत होती. ती बुजू नयेत म्हणून सोमाजी जागचा हलला नाही.