गुरुवारी बस येत नाही

मी एकदा ठरवलं की ठरवलं. ऑफिसात लोक पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सातपूरच्या आमच्या कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज तयार होतात. बाकीची सगळी व्यवस्था, म्हणजे बस, वीज, कँटीन, पाण्याचे जार, माझ्याकडे. दिंडोरीकडून एक आणि सिन्नरकडून एक अशा कंपनीच्या दोन बस रोज धूर ओकत यायच्या, दिवसभर एसी घोंघावायचे. हे सगळं कशासाठी, तर जे काम लॅपटॉपवर कुठेही बसून होतं त्यासाठी! काही दिवस ऑफिसात आणि काही दिवस घरून काम, याला हल्ली हायब्रिड म्हणतात. पण हायब्रिड म्हटलं की आमच्याकडे आधी टोमॅटो आठवतो, म्हणून मी योजनेला साधं नाव दिलं, ‘दोन दिवस घरून’. गुरुवार-शुक्रवार बस बंद, एसी बंद, इमारतीला कुलूप.

मालक राकेश सर. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, पण काळजी करण्यात माझ्या आजोबांच्या वरताण.

“मंजुषाताई, लोक घरी झोपा काढतील.”

“काढू देत. झोपेत धूर तरी होत नाही.”

ते हसले, पण अट घातलीच. परदेशी ग्राहक सारखे विचारत होते, प्रदूषण कमी करायला तुम्ही काय करता म्हणून. महिनाअखेर फरक दिसला तर योजना राहील, नाहीतर पुन्हा सगळे रोज ऑफिसात. मी बरं म्हटलं. हरायची मला सवय नाही.

तिसऱ्या गुरुवारी सकाळीच आमच्या वॉचमनचा, झुंबरचा, फोन आला. “मॅडम, गेटवर गाड्या मावत नाय. तुम्ही याच.”

मी सिटी बस पकडून गेले. कुलूप लावलेल्या गेटसमोर मोटारसायकलींची ही रांग! शेजारच्या चहाच्या टपरीवर आमची अर्धी डिझाइन टीम बसलेली. अंगात इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्रं, मांडीवर लॅपटॉप. जे लोक एका बसमध्ये बसून यायचे ते आता एकेकटे पेट्रोल जाळत आले होते. माझं डोकंच फिरलं.

“ज्ञानेश!” मी ओरडले.

ज्ञानेश म्हणजे टीममधला सगळ्यात हुशार पोरगा. दिंडोरीजवळच्या खेड्यातला, घरी भाजीपाल्याची शेती. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

“मॅडम, गुरुवारी बस आली नाही की गाव म्हणतं, ज्ञानेशला काढलं. आजी तर रडायलाच लागली. मुलीकडचे बघायला येणार होते, त्यांनीही पुढे ढकललं. मग मी आवरून निघतो. मला निघताना बघितलं की सगळे गप्प बसतात.”

“आणि हे बाकीचे?”

“सगळ्यांचं तेच.”

राग जागच्या जागी राहिला, पण त्याच्या तोंडाकडे बघून वाईटही वाटलं. आमच्याकडे नोकरदार म्हणजे सकाळी बसमध्ये चढणारा माणूस. तो घरी बसून कितीही राबला तरी लोकांच्या लेखी तो रिकामाच. डिझेलचा आणि विजेचा विचार मी अगदी बारकाईने केला होता. पण लोक काय म्हणतील याचा केलाच नव्हता.

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. बंद इमारतीतला एक एसी चालू होता.

“झुंबर, वर कोण आहे?”

“साहेब हायेत की. दर गुरुवारी येत्यात.”

मी तडक वर गेले. रिकाम्या ऑफिसात राकेश सर एकटेच केबिनमध्ये बसले होते. मला बघून म्हणाले, “खाली बघितलंत ना? बसचं डिझेल वाचलं आणि पेट्रोल गेलं. फसली तुमची योजना. सोमवारपासून पूर्वीसारखं करू.”

“करू. आधी मला सांगा, तुम्ही का आलात?”

ते खिडकीकडे बघायला लागले. मी खुर्ची ओढून बसले. मला उत्तर मिळाल्याशिवाय मी उठत नाही, हे त्यांना माहीत आहे.

“वडील विचारतात, कंपनी बुडाली का रे? सोसायटीत लोक बघतात, गाडी दिवसभर पार्किंगमध्येच. मग निघतो.”

मला हसू आवरेना. टपरीवरच्या पोरांत आणि मालकात फरक काय तो एसीचा! “सर, योजना फसलेली नाही,” मी म्हणाले. “आपण ती फक्त ऑफिसात सांगितली, घरी कोणी सांगितलीच नाही. पुढच्या गुरुवारी आपण दोघं ज्ञानेशच्या ओट्यावर बसून काम करू. एकच गुरुवार द्या. आणि गाडी आणायची नाही, एसटीने जायचं.”

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आले.

ज्ञानेशच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. राकेश सर मांडी घालून बसले, ज्ञानेशने ड्रॉइंग उघडलं आणि दोघं एका गिअरवरून असे काही भांडायला लागले की आसपासची माणसं हातातलं काम टाकून कुंपणाशी जमली. त्याची आजी, रंगूबाई, शेतातून आली ती दारातच थबकली.

“ह्यो कोण गं बाई?” तिने मला विचारलं.

“आजी, हे आमच्या कंपनीचे मालक.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. “अगं माय! मालकालाबी काढलं?”

सगळे हसले. सर मात्र उठून उभे राहिले आणि कुंपणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आजी, कोणालाही काढलेलं नाही. हवा खराब होऊ नये म्हणून आम्ही दोन दिवस बस बंद ठेवतो. काम चालूच असतं. आज ज्ञानेशवाचून माझं अडलं, म्हणून मी इथे आलो.”

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “ताई, योजना राहू द्या. पुढच्या गुरुवारी सिन्नरकडे कोणाचा तरी ओटा बघा. उद्या मी माझ्या घरी बसणार. वडिलांना काय विचारायचं ते विचारू दे.”

मला इतका आनंद झाला की मी तिथेच लॅपटॉपवर सिन्नरच्या बसची यादी उघडली. तेवढ्यात रंगूबाई पुढे झाली. पदर खोचून ती कुंपणापाशी गेली आणि पलीकडच्या शेजारणीला तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

“ऐकलं का गं भागुबाई? मालक आता आमच्या ज्ञानेशकडं कामाला येतोय!”