फिरवून बघणं

चिमटीतला पितळेचा दात तांदळाच्या कणीएवढासुद्धा नव्हता. एका अंगाने झळझळीत, दुसऱ्या अंगाने नुकताच तुटलेला, खरखरीत... सुनेचं पाऊल वाजलं तसा फोरमनसाहेबांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला. अगदी चोरासारखं.

बायकोचे हात वर्षभरात अधू झाले होते. पलंगावरून खिडकीचा पडदा ओढता येत नसे; दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागे, आणि तिला त्याचाच संकोच. म्हणून सुनेनं हा खटाटोप मांडला होता – पलंगाशी बटण, खिडकीशी अंगठ्याएवढी गिअरची मोटर. महिनाभर वहीत आकडे मांडून तिनं ती निवडली, मिनिटाला तीस फेरे घेणारी. ‘बैलगाडी आहे ही,’ ते म्हणाले होते. ‘वेग नकोय बाबा, ओढ हवीय,’ ती हसली होती, आणि वर – ‘हिचा दांडा हातानं फिरवायचा नाही हं. आतले दात मोडतात.’

मला सांगते! बटण दाबायच्या आधी यंत्र हातानं फिरवून बघा – तीस वर्षं कारखान्यात हाताखालच्या माणसांना ज्यानं हेच घोकायला लावलं, त्याला! आज सकाळी सून बायकोला आंघोळीला घेऊन गेली, खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी दांडा धरला. बोटांनी फिरेना. तेव्हाच थांबायला हवं होतं... पण हात हट्टाला पेटला, पक्कड घेतली, आणि – कट्. मग गिअरची पेटी उघडणं, दात काढून घेणं, चारही स्क्रू जसेच्या तसे बसवणं. तीस वर्षांत इतकं नेटकं काम त्यांनी क्वचितच केलं असेल.

सून आत आली ती सासूला पलंगावर बसवून तिच्या हाताशी बटण ठेवायला. बायकोनं अंगठ्यानं ते दाबलं. मोटर नुसती गुरगुरली. पडदा जागच्या जागी.

"माझंच चुकलं," सून वही चाळत म्हणाली. "पडद्याचं वजन धरलं, दांडीचं घासणं धरलंच नाही."

"राहू दे गं," बायको म्हणाली. "मारीन की मी हाक."

"मी तेव्हाच म्हणालो होतो."

हे कोण बोललं? आपणच. जीभ झडली कशी नाही?

"नवी तुम्हीच निवडा बाबा," सून म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही, एवढं आज कळलं." तिनं वही मिटली. आणि फोरमनसाहेबांना – हेच त्यांना पुढे दिवसभर जाळत राहिलं – क्षणभर बरं वाटलं होतं.

दुपारी ते खुर्चीत बसून वाक्य जुळवत होते. सूनबाई, ते मी... नको. सूनबाई, तुझा हिशेब बरोबर होता... हे बरं. पण मग? कारखान्यात एक पाना मोडला तरी ते माणसाला सगळ्यांदेखत सोलून काढत. माणूस खाली मान घालून ऐके आणि प्रकरण तिथंच मिटे. चूक मिटवायची दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती. ही तर ओरडणार नाही. ‘असू द्या हो बाबा,’ म्हणेल, आणि ते मनापासून म्हणेल. मग आपण कुठं जायचं?

स्वयंपाकघरात सून भांडी लावत होती. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. हात खिशातल्या दातावर गेला, आणि तोंड पुन्हा मिटलं. हाक मारणं इतकं जड असतं, हे त्यांना आज कळत होतं.