बंदच्या दिवशी उचललेली पोती

तळोज्याच्या ज्या कारखान्यात जाहिदा माल तपासायचं काम करते, तिथं भाजलेले शेंगदाणे, दूधपावडर, साखर आणि तेल एकत्र दळून घट्ट पेस्ट बनवतात. उपासमारीनं खंगलेल्या मुलांना ती थेट पाकिटातून चाटवायची. शिजवायला लागत नाही, पाणीही लागत नाही. सोमालियातल्या दुष्काळातून जीव वाचवत निघालेली कुटुंबं केनियाच्या हद्दीत एका छावणीत येऊन थांबली होती. या वेळची सगळी पाकिटं तिकडं जायची होती.

आणि नेमक्या त्याच वेळी शेंगदाणे बाद झाले. गोदामात ओल लागून बुरशी धरली होती. जाहिदानं स्वतःच्या हातानं सगळ्या मालावर लाल पट्ट्या चिकटवल्या.

"यात तुझी काही चूक नाही," तिच्या वरिष्ठ प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या. "पण सोमवारी भट्टी पेटली नाही तर ही बोट गेली. पुढची महिन्यानं."

जाहिदानं छावणीतल्या नर्सला फोन लावला. पलीकडून मुलांच्या रडण्याचा आवाज नव्हता, आणि तेच तिला जास्त भयंकर वाटलं. नर्स म्हणाली, "इथली मुलं रडत नाहीत. तेवढी ताकद राहिलेली नाही. आमच्याकडचा साठा जेमतेम महिनाभर पुरेल. पुढं मी काय देऊ?"

जाहिदाचा मामेभाऊ नदीम वाशीच्या दाणाबंदरात, धान्याच्या घाऊक बाजारात, शेंगदाण्याचा व्यापारी. ती तडक त्याच्या गाळ्यावर गेली, नमुने घेऊन आली आणि दुपारपर्यंत तपासणी पूर्ण केली. दाणा स्वच्छ निघाला.

"माल घेऊन जा गं, मी कुठं नाही म्हणतोय?" नदीम फोनवर म्हणाला. "पण ट्रकमध्ये चढवणार कोण? माथाडींचा बंद सुरू झालाय. बाजारात एक पोतं हलत नाही."

"त्यांचा पुढारी कोण?"

"आमच्याकडं हौसेराव. टोळीचा मुकादम. पण जाहिदा, ते लोक हक्कासाठी बसलेत. त्यांना बंद मोडा म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार?"

"तेच विचारायला जाते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी बाजाराच्या फाटकाशी शे-दीडशे माणसं मांडव टाकून बसली होती. हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. पांढरी मिशी, वाकलेला खांदा. जाहिदानं सगळं सांगितलं, नर्सनं मोबाइलवर पाठवलेला एका मुलीचा फोटो दाखवला. हलीमा, दोन वर्षांची. हाताच्या जागी काड्या.

धर्मराज नावाचा तिशीतला हमाल उठून उभा राहिला. "ताई, वाईट वाटतं. पण आज एक पोतं उचललं की उद्या शंभर व्यापारी कारणं घेऊन येतील. मग आमचा बंद कसला?"

दोघा-चौघांनी माना डोलावल्या. जाहिदालाही त्याचं म्हणणं पटत होतं.

हौसेरावांनी मोबाइल हातात घेऊन फोटो पाहिला. मग त्यांनी मोबाइल धर्मराजच्या हातात दिला.

"बहात्तरच्या दुष्काळात मी हिच्याएवढा न्हाय, जरा मोठा व्हतो," ते म्हणाले. "आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिथं खायाला सुकडी मिळायची. कुणी धाडली, कुणी पोती उचलली, आमाला ठावं न्हाय. पर कुणीतरी उचलली म्हणून मी हितं बसलोय. बंद व्यापाराचा हाय. हा व्यापार न्हाय. मजुरी घेऊ नगा, म्हंजे कुणाला बोलाय जागा ऱ्हायची न्हाय. आन् चोरून न्हाय उचलायचं, बंदचा फलक ट्रकला बांधून उचलायचं."

धर्मराज अजून फोटो बघत होता. मग त्यानं मोबाइल जाहिदाला परत केला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि नदीमच्या गाळ्याकडं चालू लागला.

"आरं, फलक तरी घे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसत उठला.

पहिलं पोतं धर्मराजनंच पाठीवर घेतलं. गल्लीभर माणसांची रांग लागली, पोती हातोहात पुढं सरकली. बाकीचे व्यापारी फाटकात येऊन बघत राहिले. एकानं चहा पाठवला. दुपारचं ऊन उतरायच्या आत ट्रक गच्च भरला. कपाळावर 'मागण्या मान्य करा' हा फलक मिरवत तो तळोज्याला निघाला.

सोमवारी भट्टी पेटली. त्या आठवड्यात जाहिदा घरी फक्त आंघोळीला गेली. प्रत्येक घाणा तिनं तपासला, एकही बाद झाला नाही. कंटेनर बंदरात वेळेत शिरला. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा कारखान्यातल्या बायकांनी हातमोजे हवेत उडवले आणि कधी आवाज न चढवणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडमनी शिट्टी मारली.

इकडं बंद मिटला. काही मागण्या मान्य झाल्या, काहींसाठी पुन्हा बसावं लागणार होतं.

नर्सनं पाठवलेला व्हिडिओ घेऊन जाहिदा पुढं दोनेक महिन्यांनी एका भर दुपारी दाणाबंदरात गेली. नदीमच्या गाळ्यापुढं हौसेरावांची अख्खी टोळी मोबाइलभोवती दाटली. पडद्यावर हलीमा नर्सच्या मांडीवर होती. गालांना गोलाई आली होती. पाकीट अर्धं झाल्यावर नर्सनं ते जरा बाजूला घेतलं, तशी पोरगी संतापून किंचाळली, पाकीट हिसकावलं आणि डुगडुगत पळत सुटली. नर्स हसत मागं धावली.

"रडली!" जाहिदा म्हणाली. "ऐकलंत? रडायला लागली ती!"

"रडली कुठं, भांडली!" धर्मराज ओरडला. "पुन्हा लावा, ताई!"

तिनं पुन्हा लावला, मग परत एकदा. हातगाड्या गल्लीतच अडकल्या होत्या, मागून एक व्यापारी खेकसला, "काय झालंय पुढं? माल का थांबलाय?"

"थांबू दे!" नदीम गाळ्यातून ओरडला.

हौसेरावांनी मोबाइल दोन्ही हातांत धरून उंच केला, मागच्यांनाही दिसावा म्हणून.