कोंडिबाची झील

सुंबरान एकट्याला मांडता येत नाही. देवाचं नाव कुणीही कोपऱ्यात बसून घ्यावं, पण धनगरांच्या सुंबरानाला माणसं लागतात. एकाने ओवी सोडायची आणि बाकीच्यांनी तिचा शेवट उचलून धरायचा, त्याला झील म्हणतात. झील चालू असते तेवढ्यात ओवी सोडणाऱ्याला दम मिळतो आणि पुढची ओळ सुचते.

माले गावच्या धुळाने बिरोबापुढे उभा जन्म ओव्या सोडल्या आणि कोंडिबाने झील धरली. इतर कशात दोघांचं पटलं नाही. मेंढरांच्या चराईवरून तर वर्ष वर्ष अबोला असायचा, पण देवळात उभे राहिले की एकजीव. या पावसाळ्यात कोंडिबा गेला. बाकीचे झिलकरी कुणी लवळ्याला सिक्युरिटीत, कुणी कोळवणला फार्महाऊस राखायला. सुट्टी कुणालाच मिळेना. यंदा सुंबरान चुकणार म्हणून धुळाचं जेवणावरून मन उडालं.

मुलगा सिद्धनाथ ड्युटीवर जाताना बापाच्या मोबाईलवर गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग घालून गेला. कुठे दाबायचं तेही दाखवलं. पोरगं मायेचं, यात शंका नाही.

देवळात धुळा आणि त्याची बायको अंबाबाई, दोघंच. बायकांनी झील धरायची रीत नाही, म्हणून ती आपली खांबाला टेकून बसलेली. धुळाने मोबाईल पायरीवर ठेवला आणि कानावर हात नेऊन पहिली ओवी सोडली. मोबाईलमधल्या धुळानेही तीच सोडली आणि मागून कोंडिबाचा घोगरा आवाज उठला. अंबाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

दोन ओव्या जुळल्या. तिसरीला धुळाला खोकला आला. कोंडिबा असता तर खोकला सरेपर्यंत त्याने तेच पद घोळवत धरलं असतं. नेहमीच धरायचा, आणि नंतर म्हातारा झालास म्हणून चिडवायचा. मोबाईल काही थांबला नाही. धुळा सावरला तोवर मोबाईलमधले ते दोघे पार पुढे गेले होते. त्याने मधूनच एकदोन शब्द पकडून पाहिले, मग नुसताच उभा राहिला. इतकं एकटं त्याला कोंडिबाच्या मातीलाही वाटलं नव्हतं.

"बंद करा की आता," अंबाबाई म्हणाली.

"नगं. रंगात आल्यात दोगं," धुळा म्हणाला. "मला कुटं वळखतोय त्यो."

तो खाली बसला आणि त्या दोघांचं सुंबरान संपेपर्यंत परगावच्या माणसासारखा ऐकत राहिला.