तुटणाऱ्या स्प्रिंगा

शनिवारच्या शर्यतीत पुन्हा इंजिनातल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली. गाडी ट्रकमागे बांधून घरी आणताना माझा नवरा वेंडेल एवढंच म्हणाला, "डोयल हल्ली गिअर टाकताना घाई करतो का गं?"

डोयल माझा धाकटा भाऊ. वेंडेल इंजिन बांधायचा, डोयल गाडी चालवायचा. आमच्या कॅरोलायनाच्या डोंगरात लाल मातीच्या ट्रॅकवर या जोडीला सगळे वचकून असायचे. त्या हंगामात मात्र इंजिन ऐन भरात असताना खोकायला लागायचं, आणि उघडून बघावं तर स्प्रिंगचे तुकडे.

वेंडेलचं म्हणणं सरळ होतं. इंजिन मर्यादेबाहेर ताणलं की स्प्रिंग तुटते. डोयल म्हणतो ताणलं नाही, म्हणजे डोयल खोटं बोलतो.

"तू विचार त्याला. तुझा भाऊ आहे."

"त्याने सांगितलंय की, नाही ताणलं म्हणून."

"ताणलं असं कोण कबूल करतं?"

रविवारी चर्चहून डोयल नेहमीसारखा जेवायला आला. मक्याचा पाव मोडता मोडता म्हणाला, "वेंडेल, स्प्रिंगा कुठून आणतोस रे हल्ली?"

"नेहमीच्याच दुकानातून. का?"

"सहज."

मी उगाच घेवड्याचं भांडं फिरवत राहिले.

त्या आठवड्यात वेंडेलने सीटखाली एक मीटर बसवला. इंजिन जास्तीत जास्त किती फिरलं तिथेच त्याची सुई अडकून राहायची. "त्याला बोलू नकोस," मला बजावलं. मी बोलले नाही, पण भावाच्या नजरेला नजर देता येईना. त्यातच, इंजिनातून काढलेल्या स्प्रिंगांच्या डब्यातली एक अख्खी स्प्रिंग नाहीशी झाली. आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये एकटा डोयल येऊन गेला होता. आता मला दोघांचाही संशय यायला लागला. वेंडेल स्प्रिंगांबद्दल खरं सांगतोय ना, डोयल दुसऱ्या कोणासाठी काम तर करत नाही ना, इथपर्यंत माझं डोकं गेलं.

पुढच्या शर्यतीत स्प्रिंग परत तुटली. डोयल गाडीतून उतरला तो हातात मीटर घेऊनच.

"हे काय? माझ्या बुडाखाली चहाडखोर बसवलास?"

वेंडेलने मीटर हिसकावून घेतला. सुई लाल खुणेच्या, म्हणजे मर्यादेच्या, बरीच खाली होती. तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बिघडला असेल."

"मीटर बिघडलाय, मी खोटारडा, तू तेवढा शहाणा! मग ऐक. तुझ्या डब्यातली स्प्रिंग मी नेली. मला वाटलं तू जुना माल घालतोयस. शार्लट शहरात एकाकडून तपासून घेतली. स्प्रिंग चांगली आहे म्हणाला."

"माझ्यावर संशय?"

"आणि तुझा काय होता, लाड?"

लोक बघत होते. मी मध्ये उभी राहिले. "स्प्रिंग चांगली, चालवणारा चांगला. मग यंदा इंजिनात नवीन काय आहे ते सांगा."

दोघांनाही ते माहीत होतं. हिवाळाभर खपून वेंडेलने स्वतः घासलेला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; व्हॉल्व्ह परत मिटवायचं काम स्प्रिंगचं. त्या दांड्यावरचे उंचवटे त्याने मुद्दाम उभ्या चढाचे केले होते. व्हॉल्व्ह झटक्यात उघडावा, जास्त वेळ उघडा राहावा, इंजिनाला जोर यावा म्हणून.

"कॅमचं नाव काढायचं नाही," वेंडेल म्हणाला आणि ट्रककडे निघून गेला.

पण सोमवारी त्यानेच डोयलला फोन करून बोलावलं. इंजिनाचा वरचा भाग मोटरवर फिरवायला लावला होता आणि समोर लुकलुकणारा दिवा ठेवला होता. लुकलुक फिरण्याच्या वेगाशी जुळली की हलती स्प्रिंग जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. वेग वाढत गेला. एका ठिकाणी मला स्प्रिंगचे वेढे लाटेसारखे वरखाली धावताना दिसले.

"ते बघा, नाचतेय!" मी ओरडले.

वेंडेल वाकला. कॅम व्हॉल्व्हला असा उडवत होता की उंचवट्याची पाठ सोडून व्हॉल्व्ह हवेत जायचा, मग आपटून पुन्हा उसळायचा. त्याला आवरता आवरता स्प्रिंग स्वतःच हेलकावत होती. वेगाची लाल खूण अजून लांबच होती.

त्याने मोटर बंद केली. "माझाच कॅम," तो म्हणाला. डोयलने टोपी घातली आणि तो गेला.

वेंडेलने नवा कॅम घासला, चढ-उतार सौम्य ठेवून. जोर थोडा गेला, पण हंगाम संपेपर्यंत एकही स्प्रिंग तुटली नाही. डोयलने दोन शर्यती जिंकल्या. शेवटच्या शर्यतीनंतर ओसरीवर बसून त्याने वेंडेलला सांगितलं, की पुढच्या वर्षी तो दुसऱ्याची गाडी चालवणार.

"मीटरमुळे?" वेंडेलने विचारलं.

"मीटरमुळे, आणि त्या स्प्रिंगमुळेही. मी पण तुला न विचारताच नेली ना."

तो अजून रविवारी जेवायला येतो. दोघं हवामानावर, हरणांच्या शिकारीवर, सगळ्यावर बोलतात. वर्कशॉपमध्ये मात्र डोयल पाऊल टाकत नाही, आणि वेंडेलही त्याला बोलावत नाही.