भिंतीवरच्या माशाच्या तोंडात

मी एक जुना लाकडी मासा आहे. पोटाखाली दोन गळ, हनुवटीला पारदर्शक चकती आणि पोटात चार बारीक छर्रे, एवढाच माझा संसार. मला तंगुसाच्या लांब दोऱ्याला बांधतात आणि हळू चालणाऱ्या होडीमागे पाण्यातून ओढतात. चकतीमुळे मी खोल बुडी घेतो, डोलू लागतो, छर्रे खुळखुळतात आणि खरा मासा मला भक्ष्य समजून तोंड उघडतो. सोंग घेणे हाच माझा धंदा. पण मित्रांनो, माझ्या आयुष्याचा मोठा भाग पाण्यात गेला नाही. तो एका बैठकीच्या खोलीत, भिंतीवर टांगलेल्या मेलेल्या माशाच्या जबड्यात गेला.

मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे नावाच्या खाडीकाठी विल्मर हर्लाश शेती करायचा आणि शेतीपेक्षा जास्त मासे धरायचा. एका हिवाळ्यात खाडी गोठली होती, होडी गोठ्यात उलटी पडली होती. कुंपणाचा देवदाराचा खांब मोडला, तेव्हा त्यातला एक तुकडा घेऊन तो स्वयंपाकघरात मला कोरायला बसला. शेपटीपाशी आला आणि सुरी सटकली. माझी डावी बाजू उजवीपेक्षा बारीक झाली.

"वाया गेला," विल्मर म्हणाला.

समोर त्याची लहान मुलगी कोलेट बसली होती. "मग मला द्या. मी रंगवते."

तिने पाठ हिरवी केली, पोट नारिंगी केले आणि वर काळे पट्टे ओढले. पट्टे वाकडे आले. विल्मर हसला, पण त्याने मला चुलीत टाकले नाही.

बर्फ वितळल्यावर मी पाण्यात उतरलो. दुकानातून आलेले माझे सोबती शिस्तीने सरळ पोहायचे. मी थोडा वेळ सरळ जायचो, मग एकाएकी एका अंगाला झेप घ्यायचो आणि आपोआप वाटेवर यायचो, एखाद्या दुखावलेल्या माशासारखा. त्या खाडीत वॉलाय नावाचा मासा असतो. अंधारात त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात. इतक्या सरळ चालणाऱ्यांत त्याला मीच लंगडा दिसायचो आणि तो माझ्याच मागे यायचा.

माझी निवड मात्र रोज होत नसे. आम्हा लाकडी माशांची पेटी उघडण्याआधी विल्मर पांढरा कप दोरीला बांधून पाण्यात सोडायचा. कप लगेच दिसेनासा झाला, तर भडक रंगाचे आणि खुळखुळणारे मासे बाहेर निघायचे. खोलपर्यंत दिसत राहिला, तर चंदेरी आणि मुके. पाणी गार असेल तर सडपातळ आणि सावकाश डोलणारे, उन्हाळ्यात जाडे आणि धांदरट. कोलेट होडी चालवायची, वळवायची, वेग सांभाळायची. गळाला काय लावायचे हे विल्मर ठरवायचा. का, ते तो सांगत नसे आणि तिनेही कधी विचारले नाही. सुकाणू तिचे, पेटी त्याची. घरी परतल्यावर तो आमचा एकेक गळ पुसायचा आणि पेटीचे झाकण रात्रभर उघडे ठेवायचा. तेवढी काळजी मला पुरेशी होती.

मग एका नोव्हेंबरात मी त्या खाडीतला सर्वांत मोठा वॉलाय धरला. निदान आमच्या रस्त्यावर तरी सगळे तसेच म्हणत. विल्मरने तो भुसा भरणाऱ्या कारागिराकडे नेला आणि सोबत मलाही नेले. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. ज्याने मासा धरला, त्याला माशाच्या तोंडातच लावायचे, म्हणजे बघणाऱ्याला सगळी हकीकत कळते. कारागिराने माझा पुढचा गळ त्याच्या जबड्यात रुतवला, मागचा गालात. वर राळ ओतली आणि दोघांवर मिळून रोगण फिरवले.

मित्रांनो, डोलणे हा माझा श्वास होता. तो त्या दिवशी थांबला. मी त्या माशाला धरले होते की त्याने मला, हे पुढे पुढे मला सांगता येईना. आम्ही दोघेही एकमेकांना सोडू शकत नव्हतो. समोरच्या खिडकीतून खाडीची एक बारीक पट्टी दिसायची. शरदात वारा सुटला, पाणी हिरवट राखाडी झाले, की मला कळायचे, आजचे पाणी माझे आहे. खाली विल्मर पेटी उचलून बाहेर पडायचा. मी तसाच.

कौतुक पुष्कळ झाले. पाहुणा आला की विल्मर त्याला माझ्यासमोर उभा करायचा. त्याचा धाकटा भाऊ नॉर्ब प्रत्येक वेळी हजर असायचा.

"गेल्या वर्षी हा मासा माझ्या हाताएवढा होता," नॉर्ब म्हणायचा. "आता पायाएवढा झालाय. भिंतीवर खायला काय घालतोस रे ह्याला?"

"तुझ्या गळाला जे लागतं तेच. म्हणजे काहीच नाही."

विल्मरने माझ्यासारखा दुसरा करून पाहिला. बऱ्याच हिवाळ्यांत करून पाहिला. खुर्चीवर चढून दोऱ्याने माझे माप घ्यायचा, शेपटीपाशी सुरी मुद्दाम सटकवायचा. पण मुद्दाम चुकायला गेला की सुरी नेमकी सरळ चालायची.

"मग ह्यालाच उतरव की," नॉर्ब एकदा म्हणाला.

"आणि तळाच्या दगडात अडकून तुटला तर?"

ते ऐकून मी आशा सोडली. मला कोंडणारा माझा शत्रू नव्हता. माझ्यावर इतके प्रेम करणाऱ्याकडे सुटकेची मागणी कोणत्या तोंडाने करायची?

कोलेट मोठी झाली, शहरात ग्रंथपाल झाली. तिची आई गेली. पिसांच्या झाडूने माझी धूळ काढणारे मग कोणी उरले नाही. माझ्या चकतीवर कोळ्याने जाळे केले आणि नारिंगी पोट रोगणाखाली पिवळट पडले.

एका ऑक्टोबरात बैठकीतला सोफा हलला आणि त्या जागी रुग्णालयातला पलंग आला, माझ्या बरोबर खाली. विल्मरच्या पोटात दुखणे होते आणि त्यावर आता औषध उरले नव्हते. कोलेट रजा घेऊन आली. ती त्याला पेज द्यायची, तो दोन चमचे घ्यायचा. खिडकीतली पाण्याची पट्टी आता आम्ही दोघेही पाहायचो.

"वॉलाय खावासा वाटतोय," एका सकाळी तो म्हणाला. कितीतरी दिवसांत त्याने काही मागितले नव्हते. कोलेट लगबगीने दुकानात गेली, मासा आणला, तळला. विल्मरने घास तोंडात घेतला आणि तसाच रुमालात काढला.

"हा आपल्या खाडीचा नाही."

"नाही, पप्पा. दुकानातला आहे."

"राहू दे मग. तू खा."

डॉक्टरांनी तिला सांगून ठेवले होते की थोड्या दिवसांनी खाणे आपोआप बंद होईल. हे तिला ठाऊक होते, नॉर्बला ठाऊक होते आणि विल्मरलाही. खाणे बंद व्हायच्या आत खाडीतला एक वॉलाय घरात यायला हवा होता.

स्वयंपाकघरातून मला दोघांची वादावादी ऐकू यायची.

"पाणी गार आहे. बारीक लाव, सावकाश ओढ," नॉर्ब म्हणायचा.

"काका, गढूळही आहे. बारीक चंदेरी दिसणार कसा त्यांना?"

"मग भडक लाव."

"भडक आहेत ते सगळे जाडे. उन्हाळ्यातले."

"तू पुस्तकं वाचतेस ना एवढी? त्यात नाही का लिहिलेलं?"

"काका, पप्पा झोपलेत. हळू बोला."

"मी जागा आहे," विल्मर पलंगावरून म्हणाला. "आणि तुम्ही दोघंही चुकताय."

त्यांनी चंदेरी नेले, जांभळे नेले, जाडे हिरवे नेले. संध्याकाळी होडी परतायची तेव्हा पायऱ्यांवरच्या पावलांवरूनच कळायचे की हात रिकामे आहेत. मी भिंतीवरून सारे ऐकत होतो. थंड, गढूळ, सुस्तावलेले पाणी, माझ्यासाठीच जणू कालवलेले. मला उत्तर ठाऊक होते आणि तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकलेले होते. मित्रांनो, अडकणे म्हणजे काय ते मला त्या दिवसांत खरे कळले.

तिसऱ्या दिवशी विल्मरने पेज नाकारली. मग हात उचलला आणि बोट माझ्याकडे केले.

"त्याला काढ."

कोलेटने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "जबडा फुटेल, पप्पा."

"फुटू दे."

"तुमचा मासा आहे तो!"

"मासा मेलेला आहे, पोरी. लाकडी अजून चालेल."

"वेड लागलंय ह्याला," नॉर्ब दारातून म्हणाला. "ह्या घरात बघण्यासारखं एवढंच तर आहे."

"तुझ्यापेक्षा बरंच देखणं आहे, खरंय," विल्मर म्हणाला आणि त्याला खोकला आला.

कोलेट आत निघून गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती परतली तेव्हा तिच्या हातात पक्कड होती. खुर्चीवर चढून तिने एक हात माशाच्या डोक्यावर ठेवला, जिवंत असल्यासारखा. मग पक्कड लावली. राळेला तडा गेला. दात खाली पलंगाच्या चादरीवर सांडले. जबड्याचा तुकडा निघाला आणि त्याबरोबर मी निघालो. पुढच्या गळाचे एक टोक तिथेच राहिले.

विल्मरने मला तळहातावर घेतले. अंगठा माझ्या शेपटीवरून फिरला, जिथे सुरी सटकली होती तिथून. "हात धुवायचं घमेलं आण. पाणी भर."

"घमेलंभर पाण्यात काय कळणार?" नॉर्ब म्हणाला.

"तुला सरोवरात बुडवलं तरी कळणार नाही."

गळ बदलले, दोरा बांधला आणि विल्मरने मला पाण्यातून वीतभर ओढले. मी कुशीवर पडलो. ओढून काढताना माझ्या नाकातली तारेची कडी वाकली होती. त्याने पक्कड हातात घेतली. पक्कड कडीवर बसेना. त्याने ती कोलेटपुढे धरली.

"तू कर. उजवीकडे पडतो, म्हणून कडी डावीकडे. अगदी केसभर."

"जास्त वाकली तर?"

"डोळ्यांनी बघू नको, बोटाला विचार."

तिने वाकवली. ओढले. पुन्हा वाकवली. एकाएकी मी तिच्या हातात थरथरलो आणि डोलू लागलो. तिने दचकून विल्मरकडे पाहिले.

"पप्पा, ह्यालाच का?" तिने विचारले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"पाणी ढवळलेलं आहे. माशाला दिसत नाही, ऐकू येतं, म्हणून खुळखुळणारा. थंडीत त्याला पळायचा कंटाळा, म्हणून सावकाश. आणि समोर कुणी लंगडताना दिसलं, तर कंटाळलेलाही उठतो." तो दमला होता. "बाकीचं तुला कळेलच."

त्या दुपारी सुकाणू नॉर्बकडे होते. तंगूस कोलेटने सोडला. गार पाणी माझ्या अंगावरून गेले, रोगणाचे पापुद्रे सुटले, छर्रे वाजू लागले. मी बुडी घेतली. विसरलो नव्हतो. पहिली फेरी रिकामी गेली, दुसरीही. नॉर्ब थंडीने आणि बहुधा दुसऱ्या कशाने तरी नाक पुसत होता. तिसऱ्या फेरीत मी एका अंगाला झेप घेतली आणि मागून जडपणा आला.

"हळू गं! हळू! सुटेल!"

"काका, जाळं पुढे करा. तोंड नको."

मासा बेताचाच होता. कुणी त्यात भुसा भरला नसता. कोलेट मात्र होडीच्या ओल्या तळाशी गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी त्याला धरून राहिली.

नॉर्बने तो लोण्यात तळला. विल्मरने नखाएवढा तुकडा घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला, गिळला. मग दुसरा घेतला.

"मीठ कमी आहे," तो नॉर्बला म्हणाला. मग कोलेटकडे वळला. "कुठे लागला? सगळं सांग. काठी आधी वाकली की रीळ आधी वाजलं?"

तिने सगळे सांगितले. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि मध्येच हाताने, होडी वळते तशी, चादरीवर एक वळण काढले.

आठवडा उलटायच्या आत तो पलंग परत गेला. खोलीत सोफा आला.

अंत्यविधीनंतर थोड्या दिवसांनी नॉर्ब राळेची नळी घेऊन आला. "जबडा मी जोडतो. तू लाकडी मासा दे. होता तसा लावून टाकू."

कोलेट टेबलाशी बसून माझे गळ पुसत होती. "नको, काका."

"अगं, विल्मरची आठवण आहे ती! तळाला दगड आहेत. अडकला तर गेला कायमचा."

"माहीत आहे."

"मग?"

"मग गेला," ती म्हणाली. तिने मला पेटीतच ठेवले.

वसंतात बर्फ गेले. तिने होडी पाण्यात लोटली आणि पेटी उघडली. सर्वांत आधी मलाच उचलले. मग कितीतरी वेळ पाण्याकडे पाहिले. पाणी स्वच्छ होते, तळापर्यंत ऊन जात होते. तिने मला परत खणात ठेवले आणि एक सडपातळ, चंदेरी, मुका मासा काढून तंगुसाला बांधला. निवड अगदी बरोबर होती. मित्रांनो, मला बाजूला ठेवले गेले आणि तरी माझे मन भरून आले. मी आता कुणाची आठवण नव्हतो. पेटीतल्या इतर माशांसारखा एक मासा होतो, ज्याचे पाणी अजून यायचे आहे.

तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, कुणाच्या तरी हाताची. तिचा गंज घासा. तिला ओली ठेवू नका. पण प्रेमापोटी तिला भिंतीवर जखडू नका, तिला तिचे काम करू द्या. ती तुटेल, हरवेल, हे खरे आहे. ती भीती आम्हा वस्तूंनाही असते. ती आमची आहे, आमच्याकडेच राहू द्या.