दहा सूचक

नीरजाला उमेदवारी नको होती, लोकांनीच ती तिच्या गळ्यात घातली, असं बंगळूरच्या बेळ्ळंदूरमधलं मराठी मंडळ सांगत फिरायचं. खोटं आहे ते. तिला हवी होती, आणि का नसावी? बारा वर्षं अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळघरात तिनं गवंड्यांच्या, मोलकरणींच्या पोरांना शिकवलं. तळ्याकाठचा कचरा उपसला. आणि वर्गासाठी पाण्याचा एक नळ मागायला गेली की आमदाराचा माणूस नागराज प्रत्येक वेळी म्हणायचा, "बघू टीचरम्मा, स्वल्प थांबा."

एक दिवस तिचं टाळकं सटकलं. मागत कसली बसते, आपणच जाऊन बसू विधानसभेत!

निपाणीची लेक ती, कन्नड-मराठी दोन्ही जिभेवर. नवरा अवधूत पुण्याचा, संगणकाच्या कंपनीत. उंच इमारतींमधलं मंडळ मागं उभं राहिलं, तशी तिची हिंमत दुणावली. अध्यक्ष यशोवर्धन म्हणाला, "ताई, दोनशे घरं आपली. डन समजा." फेटे आले, बॅनर आले. अर्ज भरून ती परतली की वाजवायला क्लबहाउसमध्ये ढोल ताणून ठेवले.

अर्जाचा शेवटचा दिवस. दुपारी तीनला दार बंद. पाठीशी पक्ष नसलेल्या उमेदवाराला दहा सूचक लागतात, म्हणजे त्याचं नाव सुचवून सही करणारे त्याच मतदारसंघातले दहा मतदार. यशोवर्धननं मंडळातले दहा खंदे गाडीत घालून आणले. टेबलापलीकडच्या निवडणूक अधिकारी पवित्रा मॅडमनं मतदार क्रमांक विचारले. यशोवर्धननं आधार कार्डांचा गठ्ठा पुढं सरकवला.

"हे नको सर. या मतदारसंघातलं मत पाहिजे."

"पत्ता इथलाच आहे मॅडम, बघा ना. स्वतःचा फ्लॅट आहे."

"फ्लॅटला मत नसतं, सर."

नीरजाला आधी हसूच आलं. मग मागं वळून तिनं चेहरे बघितले आणि हसू विरलं.

"मुग्धा, तुझं मत कुठंय?"

"कोथरूडला गं. बदलायचं राहूनच गेलं. आणि मतदानाला गेलं की आईकडे दोन दिवस राहणं होतं ना."

"मल्हार?"

"नागपूर."

"निधी?"

निधी नखं बघायला लागली. "मी नोंदवलंच नाहीये, ताई. कधीच."

तीन महिने हीच निधी माइकवर घसा फोडत होती, 'जागे व्हा' म्हणून.

दहांत इथलं मत असलेले दोनच निघाले. बाकीचे सगळे पाहुणे. बाहेर येऊन नीरजानं चंपाला फोन लावला. चंपाची तिन्ही पोरं तिच्याच वर्गातली, वस्तीतल्या सगळ्या बायका चंपाच्या शब्दातल्या.

"अक्का, आमचं मत रायचूरला, गावाकडं," चंपा म्हणाली. "मतदानाला तिकडचे लोक बस पाठवतात की! तुम्हाला म्हाईत न्हवतं?"

नव्हतं माहीत. बारा वर्षं पोरांना लोकशाही शिकवली आणि आईबापांना हा एक प्रश्न विचारला नाही. वरच्या मजल्यांची मतं पुण्या-नागपुरात, तळघराची रायचुरात. मधे ही एकटी, हातात अर्ज घेऊन.

"अवधूत," ती म्हणाली, "चल आत. निदान तिसरा तरी तू हो."

अवधूत मघापासून लांब, गाडीला टेकून उभा होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं... माझं अजून पुण्यातच आहे."

"आपण बरोबर बदलणार होतो. मी बदललं. तूही बदललं म्हणालास!"

"म्हणालो असेन. वाद नको म्हणून. तिकडं फ्लॅट आहे आपला, संबंध राहतात. आणि आपण काय इथं कायमचे आहोत का?"

बारा वर्षं एका ताटात जेवलेला माणूस तिला पाहुणा वाटायला लागला.

तेवढ्यात पानाची पिंक टाकून नागराज जवळ आला. "टीचरम्मा, सूचक कमी पडले? आमच्या गल्लीतले आठ आणतो. आत्ता आणतो."

"तू? तुझ्या साहेबाविरुद्ध?"

"साहेबच म्हणाले, मदत कर. चांगली बाई आहे, उभी राहू दे." तो मनापासून हसला. "तुमचं भय कसलं अक्का? त्या बिल्डिंगांत मतं किती, आम्हाला पाठ आहे. मतं असती तर नळ कधीच दिला असता की!"

आठ सह्या समोर होत्या. हो म्हटलं की अर्ज आत. तिच्या ओठांवर 'हो' येऊनही गेलं. पण ज्यानं बारा वर्षं नळ अडवला, त्याच्याच मेहेरबानीवर उभं राहायचं? आणि तेही त्याला करमणूक म्हणून?

"नको नागराज," ती म्हणाली. "आज खरं बोललास, तेवढं पुष्कळ झालं."

तीन वाजले. दार लागलं.

क्लबहाउसमध्ये कुणी काही कळवलंच नव्हतं. ती दिसताच मंडळातल्या शाल्मलीनं ताशावर काडी मारली, "आल्या, ताई आल्या!" तीस ढोल एकदम उठले. नीरजानं हात वर केला.

"थांबा. ज्याचं मत इथं आहे, त्यानंच वाजवा."

आधी सगळे हसले. मग एकमेकांकडं बघायला लागले. मग तेही थांबलं. एकही टिपरू चामड्यावर पडलं नाही. लोक असे उभे, जणू कुणी भर पंगतीत कानफटात मारली होती.

"सॉरी ताई," यशोवर्धन पुटपुटला. "पुढच्या वेळी नक्की."

"पुढच्या वेळी तू कुठल्या देशात असशील रे?"

अवधूत दारात गाडीची किल्ली फिरवत उभा होता. हलक्या आवाजात म्हणाला, "चल नीरजा. घरी जाऊ."



"कुठल्या?" तिनं विचारलं.